आयटीसीचा डेटा सॉफ्टवेअरमध्ये फिट कसा करायचा: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

तुम्ही आयटीसीचा, म्हणजे आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरिमेट्रीचा, एखादा प्रयोग केलाय किंवा करणार आहात आणि आलेल्या फाईलचं पुढे काय करायचं ते नीट कळत नाहीये, तर हे तुमच्यासाठी. बटण दाबलं की सॉफ्टवेअर केडी (बाइंडिंग किती घट्ट, आकडा जितका लहान तितकं घट्ट), डेल्टा एच (बाइंडिंगची उष्णता) आणि एन (एका प्रोटीनला किती लिगँड बांधले जातात) असे तीन आकडे देतंच, डेटा कसाही असला तरी देतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. ते आकडे तुमच्या डेटामध्ये खरंच आहेत का हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही, ते तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं. कसं विचारायचं तेच खाली क्रमाने सांगतो.

आधी अगदी थोडक्यात प्रयोग. सेलमध्ये प्रोटीन, सिरिंजमध्ये लिगँड (म्हणजे प्रोटीनला बांधला जाणारा रेणू), ठराविक वेळाने लिगँडचा छोटा डोस सेलमध्ये जातो आणि तापमान स्थिर ठेवायला मशीनला किती पॉवर द्यावी किंवा कमी करावी लागली ते वेळेनुसार नोंदलं जातं. म्हणून कच्चा डेटा म्हणजे पीकची रांग. प्रत्येक पीकखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्या डोसची उष्णता, तिला सोडलेल्या लिगँडच्या मोलने भागायचं आणि मोलर रेशोविरुद्ध (सेलमधलं लिगँड भागिले प्रोटीन) प्लॉट करायचं की तो ओळखीचा एस आकाराचा कर्व्ह मिळतो. कर्व्हची उंची डेल्टा एच सांगते, मधला उतार केडी सांगतो आणि तो उतार कुठल्या रेशोला येतो त्यावरून एन. फिटिंग म्हणजे या तीन गोष्टी एकत्र, गणिताने काढणं. एक लक्षात ठेवा, काही मशीनवर उष्णता बाहेर पडली की पीक खाली जातं आणि काहींवर वर जातं, त्यामुळे दुसऱ्या लॅबची फाईल उघडताना चिन्ह आधी बघा.

पायरी १: सॉफ्टवेअर निवडा

मशीनसोबत आलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरतं. मायक्रोकॅलच्या मशीनसोबत बरीच वर्षं ओरिजिनवर चालणारं पॅकेज यायचं, अजूनही खूप लॅबमध्ये तेच असतं. पण माझं मत स्पष्ट आहे, शिकायचं असेल तर निटपिक, सेडफॅट आणि गसी ही तिकडी वापरा. तिन्ही फुकट आहेत. निटपिक कच्च्या फाईलमधून बेसलाइन (म्हणजे पीक नसतानाची पायाची रेषा) काढून पीक इंटिग्रेट करतं, सेडफॅट फिट करतं आणि गसी प्रकाशनाला चालतील अशा आकृत्या बनवतं. सेडफॅट पहिल्यांदा उघडलं की मेन्यूंच्या गर्दीने घाबरायला होतं, ते खरंय, पण त्यातले चार-पाचच मेन्यू आपल्याला लागतात. पायथन येत असेल तर पायटीसी नावाची लायब्ररी आहे, ती आधीच इंटिग्रेट केलेली उष्णता घेते, अनेक प्रयोग एकत्र फिट करू देते आणि बेजियन पद्धतीने (म्हणजे संभाव्यतेच्या हिशोबाने) पॅरामीटरचं अख्खं वितरणही दाखवते.

पायरी २: प्रयोगाच्या आधी सिम्युलेशन

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग वाया गेलेल्या प्रोटीनवर हळहळतात. फिट करायला जे मॉडेल वापरणार तेच मॉडेल उलटं चालवायचं, म्हणजे अंदाजे केडी आणि डेल्टा एच टाकून कर्व्ह कसा दिसेल ते आधीच बघायचं. सेडफॅटमध्ये हे होतं, मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येही बहुतेक वेळा सोय असते.

इथे सगळा खेळ सी व्हॅल्यूचा आहे. वाइजमन आणि सहकाऱ्यांनी १९८९ च्या पेपरमध्ये ही कल्पना मांडली: एन गुणिले सेलमधलं कॉन्सन्ट्रेशन भागिले केडी. सी १० ते १०० च्या आसपास असेल तर कर्व्हला चांगला आकार येतो आणि तिन्ही पॅरामीटर नीट निघतात. १ ते १००० पर्यंत लोक ताणतात, पण कडेला गेलात की काहीतरी हरवतंच.

एक उदाहरण हातात घेऊन बघू. सेल २०० मायक्रोलिटरचा, त्यात प्रोटीन २० मायक्रोमोलर, सिरिंजमध्ये लिगँड २०० मायक्रोमोलर, केडीचा अंदाज १ मायक्रोमोलर, डेल्टा एच उणे १० किलोकॅलरी प्रति मोल. सी झाला २०, छान. पहिलं इंजेक्शन ०.४ मायक्रोलिटरचं आणि नंतर २ मायक्रोलिटरची १९. प्रत्येक २ मायक्रोलिटरमध्ये ०.४ नॅनोमोल लिगँड जातं, सुरुवातीला त्यातलं साधारण ९५ टक्के बांधलं जातं, म्हणजे पहिल्या काही पीकची उष्णता ४ मायक्रोकॅलरीच्या थोडी खाली, जी आजच्या मशीनवर आरामात दिसते. शेवटी मोलर रेशो साधारण २.१ पर्यंत पोचतो, म्हणजे एन १ असेल तर कर्व्ह पुरता खाली येऊन सपाट होतो. आता याच सेटअपमध्ये केडी १०० मायक्रोमोलर करून बघा. सी ०.२ होतो आणि एसचा आकार जाऊन नुसती हळूहळू उतरणारी वक्ररेषा उरते, त्यातून एन आणि डेल्टा एच वेगळे काढणं जवळपास अशक्य. अशा वेळी लिगँडचं कॉन्सन्ट्रेशन बरंच वाढवून सॅच्युरेशनच्या जवळ जायचं आणि एन दुसऱ्या पद्धतीने माहीत असेल तर तो फिक्स करायचा, मग केडी ठीक मिळतो. उलट टोकाला केडी १ नॅनोमोलर टाकला तर सी २०,००० होतो, कर्व्ह सरळ पायरीसारखा पडतो आणि उतारावर धड एखादा पॉइंट येतो. तिथे एन आणि डेल्टा एच उत्तम मिळतील, पण केडीबद्दल फक्त इतकंच म्हणता येतं की तो अमुक आकड्यापेक्षा लहान आहे. त्यावर उपाय कॉम्पिटिशनचा: सेलमध्ये आधी एक कमकुवत लिगँड भरून ठेवायचा. समजा त्याचा केडी १० मायक्रोमोलर आणि तो १ मिलिमोलर मोकळा आहे, तर १ नॅनोमोलरचा केडी वरवर साधारण १०० नॅनोमोलर दिसायला लागतो आणि सी २०० वर येतो, म्हणजे पुन्हा मोजता येण्यासारखा. फक्त हा डेटा फिट करताना मॉडेलही कॉम्पिटिशनचंच निवडायचं आणि कमकुवत लिगँडचा केडी व डेल्टा एच आधी वेगळा मोजून त्यात टाकायचा.

पायरी ३: फाईल उघडल्यावर आधी बारीक गोष्टी तपासा

फाईलमध्ये साठवलेली कॉन्सन्ट्रेशन ही प्रयोग सुरू करताना कुणीतरी टाइप केलेली असतात, घाईत, कधी मागच्याच प्रयोगाची तशीच राहिलेली असतात. वहीतून बघून पुन्हा टाका. सेल आणि सिरिंज उलटे तर टाकले नाहीत ना, मायक्रोमोलर आणि मिलिमोलरची गल्लत नाही ना, सेलचा आकार तुमच्याच मशीनचा आहे ना, हेही बघा. आकार महत्त्वाचा, कारण सेल तोंडापर्यंत भरलेला असतो, प्रत्येक डोसला तेवढंच द्रव बाहेर ढकललं जातं आणि सॉफ्टवेअर हा हिशोब त्या आकारावरूनच करतं. २०० मायक्रोलिटरच्या मशीनचा डेटा १.४ मिलिलिटरच्या सेटिंगवर फिट केलात तर सगळंच चुकीचं येणार.

आता कॉन्सन्ट्रेशनच्या चुकीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्या लेखात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. सेलमधल्या प्रोटीनचं कॉन्सन्ट्रेशन चुकलं तर ती चूक बहुतांशी एनमध्ये जाते, केडी आणि डेल्टा एच बऱ्यापैकी वाचतात. पण सिरिंजमधलं चुकलं तर तिन्ही बिघडतात. समजा तुम्ही २०० मायक्रोमोलर टाइप केलंत आणि खरं लिगँड १८० च होतं. मग एन १ च्या जागी १.११ येईल, डेल्टा एच उणे १० च्या जागी उणे ९ येईल आणि केडी साधारण ११ टक्के मोठा दिसेल. आणि फिट? फिट अगदी सुरेख दिसेल, रेसिड्युअलमध्ये (म्हणजे डेटा आणि फिट यांच्यातल्या फरकात) काहीही कळणार नाही. म्हणून सिरिंजमधल्या द्रावणाचं कॉन्सन्ट्रेशन वजनावरून केलेल्या स्टॉकवर सोडून देऊ नका, शक्य असेल तर अॅब्सॉर्बन्सने किंवा दुसऱ्या पद्धतीने मोजा.

हे नुसतं पुस्तकी नाही बरं का. एबीआरएफ-एमआयआरजी ०२ नावाच्या अभ्यासात १४ लॅबना कार्बोनिक अनहायड्रेज दोन आणि त्याचा एक इन्हिबिटर हीच जोडी मोजायला दिली होती, आणि आलेल्या डेल्टा एचची सरासरी होती उणे १०.४ आणि लॅबालॅबांतला फरक २.५ किलोकॅलरी, म्हणजे जवळपास २५ टक्के. प्रत्येक लॅबच्या सॉफ्टवेअरने छापलेली एरर मात्र याहून कितीतरी लहान होती. पुढे या फरकाचं मुख्य कारण म्हणून कॉन्सन्ट्रेशनमधल्या चुकांकडेच बोट दाखवलं गेलं.

पायरी ४: बेसलाइन आणि इंटिग्रेशन

निटपिकमध्ये फाईल उघडली की ते स्वतःच सगळ्या पीकचे आकार एकत्र अभ्यासून बेसलाइन ठरवतं आणि प्रत्येक इंजेक्शनच्या उष्णतेसोबत तिची एररही देतं. ही एरर खूप कामाची, कारण फिट करताना गोंगाट असलेल्या पॉइंटला कमी वजन मिळतं. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये बेसलाइन हाताने हलवता येते आणि तिथे मोह होतो, एखादा पॉइंट कर्व्हवर बसेपर्यंत बेसलाइन ओढायची. तसं करू नका. बेसलाइन ठरवताना इंटिग्रेट केलेला कर्व्ह बघूच नका, फक्त कच्चे पीक बघा. बुडबुड्यामुळे मध्येच एक काटा उभा राहिला असेल तर तो भाग वगळा आणि तसं लिहून ठेवा.

पीक पुढच्या इंजेक्शनच्या आधी बेसलाइनला परत येतंय का तेही बघा. येत नसेल तर उष्णता कापली जातेय, इंटिग्रेशनने ते दुरुस्त होत नाही, प्रयोग जास्त स्पेसिंग ठेवून पुन्हा करावा लागेल. बेसलाइनच वाहत असेल तर डीटीटी (प्रोटीनचं ऑक्सिडेशन थांबवायला बफरमध्ये घालतात ते रिड्यूसिंग एजंट) वापरलंय का ते बघा, ते ऑक्सिडाइज होत राहतं आणि त्रास देतं, त्याजागी त्याच कामाचं टीसेप बरं.

पहिला पॉइंट काढून टाका. मशीन स्थिर होत असताना सिरिंजच्या टोकातून लिगँड थोडं झिरपतं, शिवाय सिरिंजच्या यंत्रणेत थोडी ढिलाई असते, त्यामुळे पहिल्या डोसचं माप भरवशाचं नसतं, म्हणूनच तो मुद्दाम छोटा ठेवतात. पण काढायचा म्हणजे फिटमधून काढायचा, त्या डोसमध्ये गेलेलं लिगँड मात्र हिशोबात राहिलंच पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये पॉइंट मास्क करा, फाईलमधून ओळ उडवू नका.

पायरी ५: डायल्यूशनची उष्णता

लिगँड नुसत्या बफरमध्ये सोडलं तरी थोडी उष्णता निघते. तो कंट्रोल प्रयोग जरूर करा. मग ती वजा करायचे दोन मार्ग: कंट्रोलचा एकेक पॉइंट वजा करणं, किंवा फिटमध्येच एक स्थिर ऑफसेट ठेवणं. कंट्रोल सपाट आणि छोटा असेल तर मी दुसरा मार्ग घ्या म्हणेन, कारण पॉइंट-पॉइंट वजा केलं की कंट्रोलचा गोंगाटही तुमच्या डेटामध्ये शिरतो. कंट्रोल सपाट नसेल, मोठा असेल, तर थांबा. बहुतेक वेळा सेल आणि सिरिंजचा बफर सारखा नसतो. डीएमएसओ (लिगँड विरघळवायला वापरतात तो सॉल्व्हंट) एका बाजूला २ टक्के आणि दुसऱ्या बाजूला १.८ टक्के असला तरी एवढी उष्णता निघते की खरं बाइंडिंग त्याखाली बुडून जातं. दोन्ही नमुने एकाच बफरमध्ये डायलिसिस करून घेणं हाच खरा उपाय, सॉफ्टवेअर इथे मदत करणार नाही.

पायरी ६: मॉडेल निवडा आणि फिट करा

सुरुवात कायम सगळ्यात साध्या, एकास एक मॉडेलने. ओरिजिनमध्ये त्याला वन सेट ऑफ साइट्स म्हणतात, सेडफॅटमध्ये ए अधिक बी असं हेटरो-असोसिएशन मॉडेल असतं. सेडफॅटमध्ये एन शोधत बसाल तर सापडणार नाही, तिथे त्याऐवजी इनकॉम्पिटंट फ्रॅक्शन असतं, म्हणजे सेलमधल्या किंवा सिरिंजमधल्या रेणूंपैकी किती टक्के बांधायच्या लायकीचे नाहीत. मला हा विचार जास्त प्रामाणिक वाटतो, कारण एकास एक बाइंडिंगमध्ये एन ०.८ आला तर त्याचा अर्थ ०.८ लिगँड चिकटलं असा होतच नाही, प्रोटीनचा काही भाग निकामी आहे किंवा कॉन्सन्ट्रेशन चुकलंय असाच होतो. सेल आणि सिरिंज दोन्हीकडचं फ्रॅक्शन मात्र एकाच वेळी मोकळं सोडू नका, डेटा दोन्ही एकदम ठरवू शकत नाही.

सुरुवातीचे अंदाज डोळ्यांनी टाका: डेल्टा एच म्हणजे वरचं सपाट टोक ते खालचं सपाट टोक, केडी सिम्युलेशनवरून. मग फिट चालवा, सिम्प्लेक्स आणि मार्क्वार्ट-लेव्हनबर्ग या फिटच्या दोन पद्धती आलटूनपालटून, काय-स्क्वेअर (डेटा आणि फिटमधल्या एकूण तफावतीचा आकडा) खाली यायचा थांबेपर्यंत. त्यानंतर केडी दहापट मोठा करून पुन्हा फिट करा, मग दहापट छोटा करून. तिन्ही वेळा उत्तर एकाच जागी आलं तर ठीक, वेगवेगळं आलं तर अजून पोचलेला नाहीत.

आता रेसिड्युअल. शून्याच्या वर-खाली विखुरलेले हवेत, लाट दिसायला नको. शेवटचे सगळे पॉइंट एकाच बाजूला असतील तर ऑफसेट चुकलाय. उताराच्या आजूबाजूला लाट असेल तर मॉडेल पुरत नाहीये किंवा बेसलाइन गडबडलीय. लाट दिसली की लगेच दोन साइटच्या मॉडेलवर उडी मारायची सवय असते लोकांना, ती टाळा. दोन साइट म्हणजे सहा पॅरामीटर, वर ऑफसेट, आणि तुमच्याकडे पॉइंट १९. एवढे पॅरामीटर दिले की फिट सुधारणारच. तीच लाट वेगळ्या प्रोटीन प्रेपवर, वेगळ्या कॉन्सन्ट्रेशनला पुन्हा तशीच आली आणि दोन साइट असण्याला दुसरा काही आधार असला, रचनेचा म्हणा, म्यूटेशनचा म्हणा, तरच ते मॉडेल धरा.

पायरी ७: एरर स्वतः काढा

फिटच्या खिडकीत प्लस-मायनस म्हणून जो आकडा छापलेला असतो तो अंतिम मानू नका, तो बहुतेक वेळा फार आशावादी असतो. त्याऐवजी असं करा: केडी एका आकड्यावर फिक्स करा, बाकी सगळं पुन्हा फिट होऊ द्या, काय-स्क्वेअर नोंदवा, केडी थोडा सरकवा, पुन्हा तेच. काय-स्क्वेअर विरुद्ध केडी असा खड्ड्यासारखा कर्व्ह मिळतो, आणि ६८ किंवा ९५ टक्क्यांची मर्यादा जिथे ओलांडली जाते त्या दोन जागा म्हणजे तुमचा कॉन्फिडन्स इंटरव्हल. सेडफॅट हे स्वतः करून देतं. खड्डा दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर घाबरू नका, घट्ट किंवा फार सैल बाइंडिंगमध्ये तसाच येतो. एका बाजूला खड्ड्याला भिंतच नसेल तर केडीची फक्त एकच मर्यादा लिहायची, खोटा प्लस-मायनस लिहायचा नाही.

डेल्टा जी (बाइंडिंगची मुक्त ऊर्जा, केडीवरून काढलेली) आणि टी डेल्टा एस (तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल) हे वेगळे मोजलेले नसतात हेही ध्यानात असू द्या. २५ अंशाला केडी १ मायक्रोमोलर असेल तर डेल्टा जी उणे ८.२ किलोकॅलरी, त्यातून डेल्टा एच उणे १० वजा केला की उणे टी डेल्टा एस अधिक १.८. म्हणजे डेल्टा एचमधली चूक सगळीच्या सगळी एन्ट्रॉपीत उतरते. दहा टक्के चुकीने तो १.८ चा आकडा ०.८ किंवा २.८ होऊ शकतो, मग एन्ट्रॉपीवर मोठमोठे निष्कर्ष काढायला जीव किती उरतो ते बघा.

पायरी ८: एकापेक्षा जास्त प्रयोग एकत्र

दोन-तीन प्रयोग वेगवेगळे फिट करून सरासरी काढण्यापेक्षा ग्लोबल फिट करा: केडी आणि डेल्टा एच सगळ्यांना एकच, पण इनकॉम्पिटंट फ्रॅक्शन आणि ऑफसेट ज्याचा त्याचा. इंटरव्हल लक्षणीय आवळतो. वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनचे प्रयोग असतील तर आणखी चांगलं. बफर बदलला असेल तर मात्र डेल्टा एच एकच धरू नका. बाइंडिंगसोबत प्रोटॉनची देवाणघेवाण होत असेल तर बफरची आयनायझेशनची उष्णता त्यात मिसळते, ट्रिसची साधारण ११ किलोकॅलरी प्रति मोल आणि फॉस्फेटची १ च्याही आत. म्हणून ट्रिसमधला डेल्टा एच आणि फॉस्फेटमधला डेल्टा एच पार वेगळे आले तर तो प्रयोग फसला असं समजू नका, त्या फरकावरूनच किती प्रोटॉन हलले ते काढता येतं.

निकाल लिहिताना तापमान, बफर, दोन्हीकडची कॉन्सन्ट्रेशन आणि ती कशी मोजली, किती इंजेक्शन, कुठले पॉइंट वगळले, मॉडेल कुठलं, काय फिक्स केलं आणि काय मोकळं होतं, इंटरव्हल किती टक्क्यांचा आणि किती स्वतंत्र प्रयोग, हे सगळं द्या. आकृतीत वर कच्चे पीक, मध्ये फिट आणि खाली रेसिड्युअल असू द्या, गसी तिन्ही एकाखाली एक लावून देतं. कच्ची फाईल आहे तशीच, नाव न बदलता, सेडफॅटच्या फाईलसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि सिरिंजचं कॉन्सन्ट्रेशन ज्या रीडिंगवरून काढलं ते रीडिंगही त्यातच टाका, रिव्ह्यूअर पहिल्यांदा तेच मागतो.